टेकडीवरचा बचनाग

खडकदरा, ता. पारनेर
८ जून २०२५

चि. प्रज्ञा,
सप्रेम जय भीम.

तुझा डेहराडूनचा पत्ता तुझ्या आईकडून मिळवला. मामाला आजच पत्र लिहायची काय हुक्की आली असं तुला वाटेल. फोनवर बोलायचं तर मला आता समोरचं काही ऐकू येत नाही. आमचा प्रवीण कानाशी येऊन ओरडतो तेवढंच कळतं. मोबाईलवर बोटानं लिहायला बसलो तर एका ओळीत चहा गार होतो. आणि सोबत जे पाठवतोय ते काही फोनमधून जाणारं नाही.

निवृत्त मास्तर रिकामा दिसला की गावाला काम सुचतं. ग्रामपंचायतीनं जैवविविधतेची नोंदवही माझ्या गळ्यात घातली आहे. टेकडीवर, ओढ्याकाठी, बांधावर काय काय उगवतं ते सगळं लिहायचं. एका रकान्यात गावातलं नाव, शेजारच्या रकान्यात शास्त्रीय नाव. गावातल्या नावांसाठी माझ्याकडे गोजरबाई आहे. तू तिला पाहिलंयस, टेकडीच्या पायथ्याशी तिचं शेत आहे, शेळ्यांमागं फिरून सगळी टेकडी तिच्या पायाखालची. मी बोट दाखवतो, ती नाव सांगते. मला ऐकू जात नाही, म्हणून ती पुन्हा ओरडून सांगते, आणि खालच्या रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटतं आमचं भांडण चाललंय. शास्त्रीय नावांचा रकाना मात्र कोरा आहे. तो तुझा.

वर्तमानपत्रात दाबून वाळवलेली पाच पानं-फुलं पाठवतोय. त्यातल्या पहिल्यावरून आमच्या घरात चाळीस वर्षं वाद आहे. तुझी मामी शेवगावकडची. लग्न होऊन आली त्या पावसाळ्यात मला म्हणाली, तरोटा आणा, भाजी करते. मी अख्खं रान हिंडलो आणि संध्याकाळी सांगितलं, आमच्या गावात तरोटा नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतः गेली आणि दारातूनच ओंजळभर खुडून आणला. मी म्हटलं, हा तर टाकळा. ती म्हणाली, तुमच्या गावाला नाव ठेवायची अक्कल न्हाई. ती आजही तरोटाच म्हणते. आता निकाल तू दे.

मला विचारशील तर लॅटिन नावांचं मला फारसं कौतुक नाही. इथल्या माणसानं इथल्या झाडाला ज्या नावानं हाक मारली ते खरं. पण सरकारी रकाना आहे, भरावा लागेल.

पाकिटावर मी अहिल्यानगर लिहिलंय, तू लिहिताना अहमदनगर लिहिलंस तरी चालेल. आमचा पोस्टमन दोन्ही ओळखतो.

तुझा,
उत्तममामा


डेहराडून
१९ जून २०२५

ती. मामा यांस,
सप्रेम जय भीम.

तुमचं पाकीट उघडलं आणि आमच्या खोलीत खडकदऱ्याचा वास आला. इथे आम्ही दिवसभर वाळलेली झाडंच हाताळतो, पण ती परक्यांनी गोळा केलेली असतात. तुम्ही दाबलेली पानं फारच नीट आलीत. शेजारचे सहकारी विचारत होते, कोणी पाठवलं. मी म्हटलं, माझ्या गुरुजींनी.

निकाल असा की मामी आणि तुम्ही दोघंही बरोबर. टाकळा आणि तरोटा एकच. त्याचं नाव सेना टोरा. आधी त्याला कॅसिया म्हणायचे, नंतर शास्त्रज्ञांनी बदललं, म्हणजे लॅटिनवालेही काही फार शहाणे नाहीत हे मामीला जरूर सांगा. बाकीच्या चारांची नावं वेगळ्या कागदावर लिहिली आहेत.

तरी तुमचं एक म्हणणं मला पटत नाही. हाक मारायला गावातलं नाव गोड, पण हाक गावाच्या शिवेपर्यंतच जाते. शिवेपलीकडे तेच नाव दुसऱ्याच झाडाला असतं. मी लॅटिन नाव सांगितलं की जपानमधल्या माणसालाही नेमकं तेच रोप डोळ्यापुढे येतं. म्हणून तर आम्ही त्याच्या मागे लागतो.

पुढच्या वेळी जमलं तर मुळं किंवा कंदही पाठवा. आणि मामीचे गुडघे कसे आहेत? टेकडीवर चढू नको म्हणावं.

तुमची,
प्रज्ञा


खडकदरा
४ जुलै २०२५

चि. प्रज्ञा,
सप्रेम जय भीम.

तुझा निकाल मामीला वाचून दाखवला. दोघंही बरोबर, हा निकाल तिला मान्य नाही. ती म्हणते, पोरीनं मामाचा मान ठेवला, एवढंच.

मध्ये तिचं पोट बिघडलं होतं. काहीतरी खाण्यात आलं असावं. उलट्या-जुलाबानं फार गळून गेली, म्हणून प्रवीणनं सुप्याला दवाखान्यात नेलं. एक रात्र ठेवून घेतलं, सलाईन लावलं, कालच घरी आणली. आता चांगली आहे. आज उठून तिनं स्वतः चहा केला आणि आरती सूनबाईला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं, म्हणजे तब्येत ठिकाणावर आली असं समज. काळजी करू नकोस.

सोबत एकच नमुना आहे. कोवळी वेल आहे, फूल अजून यायचंय. तू म्हणाली होतीस म्हणून कंदाची चकतीही वाळवून घातली आहे. इथे हिला बचनाग म्हणतात. पानाचं टोक बघ, दोऱ्यासारखं वळलेलं आहे, त्यानंच ती झुडपाला धरून वर चढते. बाकीच्यांची घाई नव्हती, पण हिच्याबद्दल जे काही असेल ते सविस्तर लिही आणि जरा लवकर लिही. मी हे स्पीड पोस्टनं पाठवतोय.

तुझा,
उत्तममामा


डेहराडून
८ जुलै २०२५

ती. मामा,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र आजच दुपारी मिळालं. लगेच बसले आहे, कारण तुम्हाला नोंदवहीची एवढी घाई झालेली पाहून मला फार आनंद झाला. म्हणजे लॅटिनची गोडी लागली तर!

पानाच्या टोकाचं तुम्ही बरोबर टिपलंत. त्या टोकावरूनच ओळख पटते. हिचं नाव ग्लोरिओसा सुपर्बा. मराठीत बहुतेक ठिकाणी कळलावी म्हणतात. श्रावण-भाद्रपदात लाल-पिवळं फूल येतं, ज्वाळेसारखं, पाकळ्या मागे वळलेल्या. आपल्याकडे काही भागांत हिलाच बचनाग म्हणतात हे खरं आहे, पण नोंदवहीत नुसतं बचनाग लिहू नका. खरा बचनाग वेगळाच. तो अकोनिटम, इकडे हिमालयात उंचावर होतो, मी मागच्या वर्षी पाहिला. निळं फूल असतं. तुमच्या टेकडीवर तो येणं शक्यच नाही.

दोन्ही विषारी आहेत आणि विषं अगदी वेगळी आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते. अकोनिटमचं विष लगेच हृदयावर जातं. एक दिवस निभावला तर माणूस बहुधा वाचतो. कळलावीचं तसं नाही. कंद पोटात गेला तर आधी उलट्या-जुलाब होतात, मग थोडे दिवस बरं वाटतं, घरच्यांना वाटतं टळलं. खरं नुकसान त्यानंतर दिसायला लागतं. अंगातली ताकद जाते, लघवी बंद होते, रक्तातल्या पेशी कमी होतात, जंतूंशी लढायला शरीरात काही उरत नाही. एकाच नावानं दोन्ही लिहिली तर उद्या कुणाचा तरी घोटाळा होईल. म्हणून नोंदवहीत असं लिहा: कळलावी, स्थानिक नाव बचनाग, ग्लोरिओसा सुपर्बा, अतिविषारी. विषारी शब्दाखाली रेघ मारा.

फूल आलं की एक नमुना पाठवा. आमच्या संग्रहात पारनेरचा एकही नाही. खाली तुमचं नाव घालू.

मामी बरी आहे हे वाचून बरं वाटलं. तिला म्हणावं, पावसाळ्यात शिळंपाकं खात जाऊ नको.

पोस्टाची खिडकी बंद झाली असेल, हे उद्या साध्या टपालानं टाकते.

तुमची,
प्रज्ञा


खडकदरा
२१ जुलै २०२५

चि. प्रज्ञा,
जय भीम.

तू मामीच्या पुण्यानुमोदनाला येऊन दोन दिवस राहून गेलीस. तू गेल्यावर तुझं ते आठ तारखेचं पत्र आलं. तू ते टाकलंस त्याच सकाळी ती नगरच्या दवाखान्यात वारली. तू घरात होतीस तेव्हा ते वाटेत कुठेतरी होतं, आणि त्यात काय आहे ते मला माहीत नव्हतं. माझ्याकडे काय आहे ते तुला माहीत नव्हतं. आता सगळं लिहितो.

मामीचं पोट बिघडलं त्या आठवड्यात पंचायतीनं टेकडीवर झाडं लावायला खड्डे घेतले होते. बायकांबरोबर मामीही गेली. एका खड्ड्यातून कंद निघाले, बोटाएवढे, रताळ्यासारखे दिसणारे. वर वेल असेल ती कुदळीखाली तुटून गेलेली. मामीनं एकदा अकोल्याच्या बाजूला एका लग्नात उकडलेले रानकंद खाल्ले होते, ती चव तिच्या लक्षात होती. पदरात बांधून आणले, उकडले आणि मिठाबरोबर खाल्ले. मला देत होती. मला दात नाहीत म्हणून मी नको म्हटलं. दोन खाऊन म्हणाली, कडसर हायेत, आणि बाकीचे बाजूला ठेवले.

संध्याकाळपासून उलट्या सुरू झाल्या. आरतीनं गोजरबाईला बोलावलं. तिनं चुलीजवळचे उरलेले कंद पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला. म्हणाली, हा तर बचनाग. प्रवीणनं कारखान्यातल्या मित्राची गाडी मागवली. सुप्याचे डॉक्टर तरुण आहेत, आयुर्वेद शिकलेले. काय खाल्लं म्हणून विचारलं. प्रवीणनं सांगितलं, बचनाग. ते नाव ऐकल्यावर त्यांनी एक क्षण घालवला नाही. हृदयाचं मशीन लावलं, सलाईन लावलं आणि स्वतः तिच्या उशाशी बसून राहिले. त्यांनी हयगय केली असं मी म्हणणार नाही. बचनाग हृदयावर जातो, एक दिवस काढला की सुटलो, असं त्यांनी आम्हाला समजावलं. सगळी रात्र मशीनवरची रेघ सरळ चालली. दुसऱ्या दिवशी ते हसून तिला म्हणाले, मावशी, तुम्ही नशीब काढलंत.

घरी आल्यावर तिनं माझ्याकडून वचन घेतलं. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "प्रज्ञाला सांगू नका. पोरगी झाडांची एवढी मोठी बाई, अन् तिची मामी इख उकडून खाती म्हनल्यावर तिनं तोंड कुठं लपवावं?" म्हणून तुला पोट बिघडलं एवढंच लिहिलं. तरी माझ्या मनात काहीतरी राहिलं होतं. म्हणून तो नमुना पाठवला आणि लवकर लिही म्हटलं.

रविवारी ती म्हणाली, पायात जीव न्हाई. मला वाटलं, अशक्तपणा. सोमवारी लघवी होईना म्हणून नगरला नेलं. तिथेही प्रवीणनं बचनागाचं सांगितलं. त्यांनी सुप्याचे कागद पाहिले, हृदय ठीक आहे म्हणाले, मग तो विषय संपला असं धरलं. रक्तातल्या पेशी का उतरतायत ते त्यांना कळेना. जंतू पसरलेत, मूत्रपिंड गेलंय, असं सांगत राहिले. बुधवारी सकाळी ती गेली. तुला आम्ही फोनवर जे सांगितलं तेच आम्हाला सांगण्यात आलं होतं.

आणि मग तुझं पत्र. मी ओट्यावर बसून वाचत होतो. तिचं सगळं आजारपण तू क्रमानं लिहिलं होतंस, आधी काय होतं, मग काय होतं. ती ताकद गेल्याची ओळ आली तेव्हा मी कागद उलटा ठेवला आणि आत गेलो. प्रवीण कामावरून आला तेव्हा त्याला वाचायला दिलं. त्यानं वाचलं, पहार घेतली आणि टेकडीवर गेला. दिसतील तेवढ्या वेली खणून काढल्या. खडकाच्या कपारीत आहेत त्यांच्यापर्यंत पहार पोचत नाही. अंधार पडल्यावर आला आणि हात न धुता बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी मी गोजरबाईकडे गेलो. विचारलं, कळलावी हे नाव तुला ठाऊक होतं का? तिनं मान खाली घातली. मला ऐकू यावं म्हणून तिला मोठ्यानं बोलावं लागलं, आणि ते तिला जड जात होतं.

"ठावं हुतं की, भाऊ. आमच्या आईच्या तोंडात तेच नाव हुतं. पर आजाऱ्याच्या दारात उभं ऱ्हाऊन ते नाव कसं घ्यावं? घरात कळ लागती म्हनत्यात. म्हनून दुसरं घेतलं."

तिनं भलं व्हावं म्हणूनच केलं. मी बाबासाहेबांचा माणूस, असल्या गोष्टी मानत नाही, शाळेत पोरांनाही मानू दिल्या नाहीत. तरी तिच्यावर मला रागावता आलं नाही. तिच्या शेळ्या ओरडत होत्या, ते मला त्यांच्या उघड्या तोंडांवरून कळत होतं. मी उठून आलो.

आता तुला एकच विचारतो, आणि तू शिकलेली आहेस म्हणून विचारतो. प्रवीणनं त्या संध्याकाळी सुप्याला तुझं लॅटिन नाव सांगितलं असतं, किंवा नुसतं कळलावी म्हटलं असतं, तर ती वाचली असती का?

तुझा,
उत्तममामा


डेहराडून
१ ऑगस्ट २०२५

ती. मामा,
जय भीम.

तुमचं पत्र आल्यापासून रोज उत्तर लिहायला बसते आहे.

मी घरी होते तेव्हा मामीच्या साड्या आरतीवहिनीबरोबर घड्या करून ठेवल्या. मूत्रपिंडाबद्दल मला जे कळत होतं ते प्रवीणदादाला सांगत होते, जसं काही मला ठाऊक आहे. तुम्ही तेव्हा दारात बसला होतात. मला आता असं वाटतं की तुम्ही माझ्याकडे बघत होतात, काहीतरी विचारायचं होतं. मी पाणी हवं का म्हणून विचारलं आणि तुम्ही मान हलवली.

तुमचं चार तारखेचं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. मामीच्या पोटाचं आणि वेलीचं एकाच पानावर आहे, एकाखाली एक. मधली कोरी ओळ ओलांडून मी दोन्ही जोडून पाहिलं नाही. कंदाची चकती माझ्या हातात होती, आणि मी ती कोणत्या डब्यात ठेवायची याचा विचार करत होते.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. मी इथल्या एका मोठ्या डॉक्टरांना भेटले. विषांचाच त्यांचा अभ्यास आहे. कळलावीच्या विषावर उतारा नाही, मामा. कुठल्याच दवाखान्यात मिळणारं असं औषध नाही. नाव बरोबर सांगितलं असतं तरी त्या नावासमोर लिहायला डॉक्टरांकडे काही नव्हतं. तेव्हा सुप्याच्या डॉक्टरांना, प्रवीणदादाला, गोजरबाईला आणि स्वतःलाही दोष देऊ नका. एवढं माझं ऐका.

वेली उपटण्याबद्दल मी काय लिहू? औषधवाल्यांनी खणून नेऊन ती आता बऱ्याच टेकड्यांवरून संपत आली आहे. एरवी मी तुम्हाला हात जोडून म्हटलं असतं, उपटू नका. आता म्हणवत नाही, आणि उपटा असंही म्हणवत नाही.

तुम्ही पाठवलेला नमुना मी चिकटवला नाही. टेबलाच्या खणात आहे. नियमानं त्यावर चिठ्ठी लावावी लागते: झाडाचं नाव, गाव, तारीख, कोणी गोळा केलं. सगळं मला माहीत आहे. हात लावला की उठून बाहेर जाते. दिवाळीला येईन, तेव्हा बोलू. मी लिहून दाखवीन, तुम्ही वाचा.

तुमची,
प्रज्ञा


खडकदरा
७ सप्टेंबर २०२५

चि. प्रज्ञा,
सप्रेम जय भीम.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र घेऊन मी सुप्याला गेलो होतो, ते सांगायचं आहे.

डॉक्टरांनी मला ओळखलं. मावशी कशा आहेत म्हणून हातानं विचारलं. मी तुझं आठ तारखेचं पत्र त्यांच्या पुढे ठेवलं. त्यांनी बसून सगळं वाचलं. बाहेर पेशंट थांबले होते. वाचून झाल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. मग मी तुला विचारलं तेच त्यांना विचारलं. मला ऐकू येत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी औषधाच्या चिठ्ठीवर लिहून दिलं: "वाचल्या असत्या असं म्हणू शकत नाही. पण मी घरी पाठवलं नसतं. त्याच संध्याकाळी पोट धुऊन पुण्याला पाठवलं असतं. काही जण वाचतात."

तुझ्या डॉक्टरांनीही तुला एवढं सांगितलं असणार. तू अर्धंच लिहिलंस. ते का, हे मला कळतं, आणि त्याबद्दल मनात काही नाही. सुप्याचं ते डॉक्टर पोरगं डोळे पुसत होतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि निघालो. दुसरं काय करणार होतो?

येताना एसटीत एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. घरी पाठवलं नसतं, असं ते म्हणाले. पण सुप्याहून आल्यावर ती जे तीन-चार दिवस घरात होती, तसे दिवस आमच्या घरात कित्येक वर्षांत नव्हते. मरणाच्या दारातून आले म्हणून ती खुशीत होती. आरतीशी तिचं कधी फारसं पटलं नाही, तिला जवळ बसवून तिनं केसांना तेल लावलं. मला अंगणात बसवून माझी दाढी केली, वस्तरा लागला म्हणून स्वतःच हसली. तुझ्या आईला फोन लावून तासभर बोलली. बरोबर नाव सांगितलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं, ती पुण्याच्या कुठल्यातरी खोलीत नळ्या लावून पडली असती आणि कदाचित आज इथे असती. ते दिवस नकोत असं मला म्हणता येत नाही. हवेत असंही म्हणता येत नाही. तू काही उत्तर लिहावंस म्हणून हे सांगत नाही.

नोंदवही मी ग्रामसेवकाला परत केली. अर्धीच झाली होती. तो म्हणाला, गुरुजी, उरलेली तुम्हीच करा, नाहीतर शेजारच्या गावाची उतरवून घेऊ. शेजारच्या गावाची उतरवली तर निम्मी नावं चुकतील, हे मी त्याला सांगितलं. त्यानं मान डोलावली. उतरवणार तो.

गोजरबाईचं वाईट झालंय. गावात कोणीतरी पसरवलं की तिनं मुद्दाम चुकीचं नाव सांगितलं. मी समाजमंदिरासमोर, देवळासमोर, दोन्हीकडे उभा राहून सांगितलं की तिचा दोष नाही, ती नसती तर आम्हाला कंद विषारी आहे हेही कळलं नसतं. लोक ऐकतात. मास्तरसमोर नाही म्हणत नाहीत. पण पूर्वी बायका तिच्याकडून रानभाजी मागून न्यायच्या, आता कोणी तिच्या हातचं घेत नाही. तिच्या सुनेनंही शेळ्या विकायला काढल्यात.

काल मी तिच्याकडे मुद्दाम गेलो. वाटेत बांधावर घोळ माजलेली होती, मूठभर खुडून घेतली. म्हटलं, तिच्या हातची भाजी-भाकरी आज तिच्याच ओट्यावर बसून खायची, जाणाऱ्या-येणाऱ्यांनी बघू दे. घोळ काय, शेंबडं पोरही ओळखतं. तिच्यासमोर जुडी ठेवली आणि म्हटलं, गोजरबाई, एवढी घोळीची भाजी करून दे.

तिनं जुडी उचलली. पानं उलटी करून पाहिली, देठ मोडून पाहिला, वास घेतला. पुन्हा पानं उलटी केली. मग जुडी माझ्या पुढे ठेवून हात पदराला पुसले.

"घोळच हाय की," मी म्हटलं.

तिचे ओठ हलले, मला कळलं नाही. मी कान पुढे केला. ती आता ओरडत नाही, म्हणून मला अगदी वाकावं लागलं.

"मला न्हाई ठावं, भाऊ," ती म्हणाली. "दुसऱ्या कुनाला तरी इचारा."

तुझा,
उत्तममामा